भरतीचे गणित

मराठीत भरती हा शब्द समुद्रालाही लागतो आणि सैन्यालाही. पालघर तालुक्यातल्या दांडीसारख्या गावात या दोन्ही भरत्यांचा विचार एकाच घरात होऊ शकतो. गुजरातमधली मिठाच्या सत्याग्रहाची दांडी वेगळी. ही दांडी बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला, तारापूर अणुवीज केंद्राजवळच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांची. कोकण किनाऱ्यावर समुद्राच्या भरतीची वेळ काढायला घड्याळाआधी तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची, हा जुना हिशेब. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पाणी तीनच्या सुमाराला पुरते भरणार, अष्टमीला सहाला. खरे तर भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपट धरली तर ४५ मिनिटेच होतात, पण होडी काढायला एवढा फरक चालून जातो. हा हिशेब ऐकत वाढलेल्या मुलापुढे पाचवीच्या वर्गात फळ्यावर तीन छेद चार लिहिले जाते, तेव्हा ती घरातलीच पाऊणपट आहे हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. अपूर्णांक ही एक नवी, परकी आणि भीतीची गोष्ट होऊन बसते. आणि दुसऱ्या भरतीचा, सैन्यातल्या भरतीचा, दरवाजा नेमका तिथेच अडकतो. सैन्यात कोण जाणार आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या दाराने जाणार, हे आपण समजतो तसे सतराव्या-अठराव्या वर्षी मैदानावर ठरत नाही. त्याचा मोठा भाग नवव्या ते बाराव्या वर्षी, प्राथमिक शाळेच्या वर्गात ठरून गेलेला असतो.

हे म्हणणे कुणाला टोकाचे वाटेल, म्हणून दारे एकेक करून पाहू. सैनिकी शाळेच्या सहावीच्या प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षा मूल पाचवीत असताना होते. वय १० ते १२. पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० गुण एकट्या गणिताला; भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५०. हा पेपर मराठीतही देता येतो, ही फार मोलाची सोय आहे. पण गणिताचा अभ्यासक्रम पाहिला की थबकायला होते. गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज हे सगळे त्यात आहे आणि हीच प्रकरणे बालभारतीच्या पुस्तकांत गेली कित्येक वर्षे सहावीला शिकवली जात आली आहेत. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाने पुढच्या इयत्तेचे गणित आधीच्या इयत्तेत कुठून तरी शिकून यायचे. हे ‘कुठून तरी’ म्हणजे शिकवणी, किंवा शिकलेले आईबाप, किंवा एखादे झपाटलेले गुरुजी. तिन्हींपैकी काहीच वाट्याला आले नाही तर पुढचे दार नववीचे, आणि तो पेपर फक्त इंग्रजीत. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला, म्हणजे १९२२ साली सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेला, आठवीसाठी प्रवेश मिळतो. वय साडेअकरा ते तेरा, आणि पेपर मराठीत नाही. त्यानंतरचे दार थेट बारावीचे, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे. तिथे गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण, त्या ६०० मध्ये २०० इंग्रजीचे. नौदलात किंवा हवाई दलात जायचे तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच. इतकेच कशाला, नौदलातल्या अग्निवीराच्या मुख्य शाखेला आणि तटरक्षक दलातल्या साध्या नाविकालाही बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र विचारले जाते.

या शेवटच्या अटीवर थोडे थांबायला हवे, कारण दांडी, सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी या पट्ट्याचे दुखणे तिच्यात आहे. ज्याचे घर समुद्रावर चालते, ज्याला पोहणे शिकवावे लागत नाही, उधाणाचे पाणी आणि भांगाचे पाणी ज्याला रंगावरून कळते, डोल जाळे कुठे आणि कोणत्या ओढीला मारायचे हे जो तांडेलाच्या बाजूला बसून शिकतो, तो नौदलाच्या अर्जाच्या पहिल्याच रकान्यात गळतो. देशाला समुद्रावरची माणसे हवी आहेत आणि समुद्रावरची माणसे इथे आहेत; मध्ये उभी आहे अकरावीची शाखा. ती शाखा दहावीच्या गुणांनी ठरते, दहावीचे गणित आठवीच्या बीजगणितावर उभे असते आणि ते बीजगणित पाचवीच्या अपूर्णांकावर. यात नौदलाची चूक नाही. जहाज म्हणजे तरंगता कारखाना. रडार, इंजिन, क्षेपणास्त्र हाताळणाऱ्याला भौतिकशास्त्र यायलाच हवे. चूक असेल तर ती ही, की हे गणित कधी सुरू व्हायला हवे होते ते मुलाला आणि त्याच्या आईबापांना अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत कळते.

देशभराचे चित्रही दिलासा देणारे नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला आणि २५.६ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ज्या वयात सैनिकी शाळेचा पेपर सरळव्याज विचारतो, त्याच वयात चारपैकी तीन मुले भागाकारापाशी अडलेली. करोनाकाळाची सावली या आकड्यांवर आहे हे खरे, पण त्याआधीचे आकडेही अभिमानाचे नव्हते.

सैन्यात जाणे म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हेही इथे स्पष्ट बोलायला हवे. जवान म्हणून जाणे आणि अधिकारी म्हणून जाणे हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि त्यांचा फाटा शाळेत फुटतो. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण, तितकेच ९०० गुण सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीला. ही मुलाखत पाच दिवस चालते. एखादे धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात, मग गटात बसून ती गोष्ट मांडायला लावतात. मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात आणि कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण गोंधळात शांत राहतो, हे बघतात. होडीवर वाढलेल्या मुलाला यातले निम्मे रक्तातच असते. वादळात जाळे ओढताना कुणाचे ऐकायचे आणि कधी स्वतः हात घालायचा, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. पण अनोळखी माणसांसमोर उभे राहून स्वतःचे म्हणणे, तेही इंग्रजीत, सलग मांडायची सवय मात्र वर्गातच लागावी लागते. आपल्या बहुतेक वर्गांत मुले एका सुरात पाढे म्हणतात, एका सुरात ‘हो’ म्हणतात. एका मुलाने उभे राहून ‘मला हे असे वाटते’ म्हणणे आणि बाईंनी ते पुरते ऐकून घेणे, ही गोष्ट पहिली-दुसरीत झाली नाही तर अठराव्या वर्षी पाच दिवसांत ती कुठून येणार?

हे सगळे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची ती कल्पना, आणि राज्यात मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. उद्देश सरकारी कागदात स्वच्छ लिहिलेला आहे: अधिकारीवर्गात काही प्रांतांचे आणि काही वर्गांचेच वर्चस्व होते, तो असमतोल दूर करायचा. म्हणजे सरकारने तेव्हाच मान्य केले होते की अधिकारी कोण होतो हे शौर्यावर नव्हे, लहानपणच्या शिक्षणावर अवलंबून आहे आणि ते शिक्षण सगळ्यांना सारखे मिळत नाही. त्या शाळेने आपले काम केले. हवाई दलाचे प्रमुख झालेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक तिथलेच, आणि २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिकही तिथलेच. राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, तीही एनडीएत महाराष्ट्राची मुले वाढावीत म्हणून. पण ही संस्था दहावीनंतरच्या मुलांना घेते. ज्याचे गणित दहावीपर्यंत तगले त्याच्यासाठी ती उत्तम. ज्याचे पाचवीत बुडाले त्याला ती उपयोगाची नाही.

शाळा आणि सैन्य यांचे नाते किती खोल आहे याचा सर्वांत मोठा दाखला मात्र उलट दिशेचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि पलटणीत शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे केले जात नव्हते त्यांना लष्कराने अक्षर दिले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे त्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाचाही एक दरवाजा मिटला. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या, त्यामागे ही जाणीव होती. शाळेने सैनिक घडतो, आणि सैन्याने शाळा दिली तर एका पिढीत अख्खे घर बदलते.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा. साताऱ्याजवळचे आपशिंगे, ज्याच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते, ते दाखवून लोक म्हणतात की तिथे काही प्राथमिक शाळा वेगळी नाही. घराघरांत फौजी आहेत म्हणून पोरे फौजेत जातात. हे खरेच आहे. पण परंपरा म्हणजे तरी काय? आठ वर्षांच्या मुलाला हुद्द्यांची उतरंड तोंडपाठ असते, अर्ज कधी सुटतो हे चुलत्याला ठाऊक असते, सुट्टीवर आलेला मामा पहाटे पळायला घेऊन जातो आणि संध्याकाळी इंग्रजी वाचून घेतो. ती घरात भरलेली शाळाच आहे. जिथे घरात अशी शाळा नाही, तिथे ते काम गावच्या शाळेला करावे लागेल, एवढाच याचा अर्थ. आणि किनाऱ्याला परंपरा नाही असे तरी कसे म्हणावे? शिवाजी महाराजांच्या आरमारात कोळी आणि भंडारी होते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले, ती जागा दांडीहून लांब नाही. इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि ज्यांना त्या यादीत जागा मिळाली नाही त्यांची परंपरा पुस्तकातून पुसली गेली. मुलांना हे चौथीच्या इतिहासात सांगता येईल, आपल्या किल्ल्याचे नाव घेऊन. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून समुद्रमार्गे मुंबईत आले. तसे पुन्हा होऊ नये म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत सागर रक्षक दल आहे. मच्छीमारांनी सरकारचे डोळे-कान व्हावे अशी अपेक्षा आहे. ती रास्तच आहे. पण ज्यांना डोळे-कान म्हणून मानले त्यांच्या मुलांनी गस्तीनौकेवर अधिकारी म्हणून उभे राहावे, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. अणुवीज केंद्राच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान या भागातली मुले रोज पाहतात. वर्दी डोळ्यांपुढे आहे, तिथवर जायची वाट तेवढी दिसत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. ते म्हणतात, पाचवीपासून कशाला? बारावीनंतर अकॅडमीत घाला, सहा महिने पळवा, पोरगा लागतो. पूर्वी यात तथ्य होते. आधी मैदान, मग लेखी असा क्रम होता; पायांनी जिंकलेल्याला लेखीत तरून जायची संधी असे. २०२३ पासून अग्निवीर भरतीत क्रम उलटला. आधी संगणकावरची सामायिक परीक्षा, ती पार केली तर मैदान. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळणाऱ्याला तिथे आजही पूर्ण गुण आहेत, पण त्या रेषेपाशी उभे राहण्याचा हक्क आता लेखणीने मिळवावा लागतो. आणि अग्निवीर ज्या अग्निपथ योजनेतून घेतले जातात, तिच्यात चार वर्षांनी चौघांतला एकच कायम राहणार. उरलेले तिघे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन बाविशी-पंचविशीत घरी येणार. त्या दिवशी त्यांच्या हाताशी काय असेल? सैन्याने दिलेली शिस्त आणि शाळेने दिलेले शिक्षण. तारापूरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागायचे की सुपरवायझर, की पुढे शिकायचे, हे त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरेल. म्हणून या योजनेवर कितीही वाद असोत, शाळेची गरज तिने वाढवलीच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात बंदूक भरायची का? नाही, मुळीच नाही. १९९५ नंतर राज्याने प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा काढायचे धोरण घेतले, त्यामागची तळमळ खरी होती. पण कवायत आणि गणवेश हे शिक्षणाचे सर्वांत सोपे, सर्वांत दिसणारे अंग आहे. एनडीएच्या लेखी पेपरात कवायतीला गुण नाहीत. लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे विद्यार्थी. ती सैनिकी शाळा नाही, विचार करायला लावणारी शाळा आहे. शिवाय जे मूल भागाकार, वाचन आणि निर्भयपणे बोलणे शिकले ते सैन्यातच जाईल असे नाही. ते परिचारिका होईल, बोटीचा इंजिनिअर होईल, किंवा समजून-उमजून होडीच चालवील. कोवळ्या वयात दिशा ठरवू नये हे मान्य. सगळ्या दिशा उघड्या राहतील इतके शिक्षण मात्र त्याच वयात द्यावे लागते.

आणि ते कसे द्यायचे याचा धडा शोधायला पालघर जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी; मुले गुरे राखायला जातात तर कुरणावर शाळा. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले. आज देशभर अंगणवाडी हा शब्द रुळला आहे, त्याचे मूळ या मातीत आहे. ज्या जिल्ह्याने बालशिक्षणाला हे दिले, त्याच्याच किनाऱ्यावर मूल अपूर्णांकाला घाबरते, हे मनाला लागते. कुरणशाळेच्या पद्धतीने किनाऱ्याची शाळा का होऊ नये? एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते, बाप घरी असतो. त्या दोन महिन्यांत शाळेने पालकांना बोलावून अर्जाच्या तारखा, वयाच्या अटी, राखीव जागा सांगाव्यात. सैनिकी शाळांत अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत, हे किती घरांत माहीत आहे? २०२० मध्ये सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत एनसीसी वाढवायचे जाहीर झाले, ते चांगलेच. पण तिची शाळेतली तुकडी आठवी-नववीपासून सुरू होते. त्याआधीची तीन वर्षे वर्गशिक्षकाचीच.

पालकांची ही सभा फक्त बापांची नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. सैनिकी शाळाही आता मुलींना घेतात, आणि मुलींसाठी नाशिकला वेगळी सेवापूर्व संस्था सुरू झाली आहे. किनाऱ्यावरच्या घरात पैशाचा हिशेब बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो. टोपलीमागे काय सुटले, बर्फाचे किती गेले, सुकटीला भाव कधी चढेल, हे ती तोंडी करते. नफा-तोटा आणि शेकडेवारीचे ते चालते-बोलते प्रकरण आहे. एखाद्या आईला वर्गात बोलावून तिचा एका बाजाराचा हिशेब फळ्यावर मांडला तर पाचवीच्या मुलांना सहावीचे गणित वर्षभर आधी कळेल, आणि ते आपलेच आहे हेही.

तसेच पाऊणपटीचे. सप्तमीला सातची पाऊणपट सव्वापाच; मुलांनी संध्याकाळी बंदरावर जाऊन पाणी खरोखर कधी भरले ते लिहून आणायचे. पंधरा दिवस असे केले की फरक दिसू लागतो, आणि फरक का पडतो असा प्रश्न कुणीतरी विचारतेच. तिथे अपूर्णांक संपून चंद्र, पृथ्वी आणि गुरुत्वाकर्षण सुरू होते. म्हणजे तेच भौतिकशास्त्र, जे सात वर्षांनी नौदलाच्या अर्जात मागितले जाणार आहे.